सातवं बटण

अकराव्या प्रश्नापर्यंत माझा हात सुरळीत चालला होता. हुद्दा, पाळी, खुर्चीचा क्रमांक, फोन आला ती वेळ, फोन संपला ती वेळ. बारावा प्रश्न पान उलटल्यावर एकटाच बसलेला होता. 'फोन करणाऱ्या व्यक्तीची भाषा आपणांस समजते काय?' पुढे दोन चौकोन, होय आणि नाही. पेनाचं टोक 'नाही'च्या चौकोनावर टेकलं आणि तिथेच राहिलं, इतका वेळ की शाईचा ठिपका पडून कागदात पसरायला लागला. सोळा वर्षं मी या खोलीत बसते. समोरचा माणूस किंचाळत असतो तेव्हा माझा आवाज इतका सपाट असतो की शेजारच्या खुर्चीवरची विणकरीण मला बर्फ म्हणते. दोन फोनांच्या मधे ती मोजे विणते, म्हणून तिला आम्ही विणकरीण म्हणतो. आज तिने मान वर करून विचारलं, "काय गं, परीक्षेला बसल्यासारखी काय बसलीस?" मी म्हटलं, "शाई गळतेय." खोटं बोलायला मला वेळ लागत नाही, हे मला फार लहानपणापासून माहीत आहे.

फॉर्म भरून दुपारी तीनच्या आत द्यायचा होता, कारण तीन वाजता चौथ्या मजल्यावर चौकशी होती. चौकशी त्या फोनची. दीड महिन्यापूर्वीचा फोन, सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी आलेला. पालिकेच्या आपत्कालीन कक्षात दिवसाला तीन-चारशे फोन येतात. आग, अपघात, पडलेली झाडं, पडलेली माणसं. त्यांतले वीस-पंचवीस आम्हाला न येणाऱ्या भाषांत असतात. त्यासाठी आमच्या टेबलावर बटणांची एक पट्टी आहे, चौदा बटणं, चौदा भाषा. बटण दाबलं की त्या भाषेत एका बाईचा ध्वनिमुद्रित आवाज म्हणतो, 'कृपया थांबा, तुमच्या भाषेत बोलणारी व्यक्ती येत आहे,' आणि पलीकडे दुभाष्याला घंटा जाते. कुठली भाषा ते कळावं म्हणून आधी ओळख-फीत लावायची. तीत चौदा भाषांची नावं एकेक करून येतात, आणि आपली भाषा ऐकली की माणूस हो हो म्हणून ओरडतो. याला निदान अर्धं मिनिट जातं. त्या दिवशी मी ओळख-फीत लावली नाही. फोनवरची बाई दोन वाक्यं बोलली आणि माझं बोट सरळ सातव्या बटणावर गेलं. तीन सेकंदांत. यंत्र सगळं नोंदवतं, सेकंदासकट. दीड महिना मी त्या तीन सेकंदांपायी धड झोपलेली नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगीच नाही.

सातवं बटण म्हणजे आमच्या घरची भाषा. आता मी मनातल्या मनात हे सगळं जिच्यात बोलतेय ना, ती. ही भाषा मला येते हे या इमारतीत कुणाला माहीत नाही. नोकरीला लागताना 'अवगत भाषा' असा एक लांबलचक रकाना होता, तीन ओळींचा. मी पहिल्या ओळीवर कचेरीची भाषा लिहिली आणि खालच्या दोन ओळींवर आडव्या रेघा मारल्या. कारकून म्हणाला होता, आणखी एखादी येत असेल तर लिहा, बढतीला बरं पडतं. मी म्हटलं, नाही येत. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आई म्हणायची. पण ती हे म्हणायची ते घरातल्या अडचणीबद्दल. मी मूठ झाकली ती तिच्यावरच.

साडेबाराला मोठ्या बाई माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. त्या आमच्या पर्यवेक्षक. तेवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकदाही आवाज चढवलेला नाही, आणि त्यांना सगळे वचकून असतात ते त्याचमुळे. त्यांनी माझा अर्धवट फॉर्म वाचला, मग टेबलावर एक टाइप केलेला कागद ठेवला. "निष्कर्षाचा मसुदा आहे. वाचून घे, म्हणजे वर गेल्यावर दचकणार नाहीस." मी वाचला. दुभाषी दुसऱ्या फोनवर व्यस्त असल्याने सहा मिनिटे चाळीस सेकंदांचा विलंब झाला. पुढे असं होतं की फोन करणारी व्यक्ती गोंधळलेल्या अवस्थेत असल्याने आपला पत्ता वेळेत व नीट सांगू शकली नाही. त्याखाली सहीची जागा, फोन करणाऱ्या बाईंसाठी. त्यांची सही झाली की प्रकरण बंद. "पण त्या गोंधळलेल्या नव्हत्या," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं. मोठ्या बाईंनी आजूबाजूला पाहिलं. मग वाकून माझ्या कानाशी म्हणाल्या, "तुला कसं कळलं? तुला तर ती भाषा येत नाही." आणि लगेच, आणखी हळू, "हे बघ, तीन सेकंद मीही पाहिलेत. मी काही विचारत नाहीये. नाहीवर खूण कर आणि मोकळी हो. त्यांचा माणूस तर गेला. हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेतेस?" त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता आणि तो मायेचाच होता. त्याचाच मला जास्त त्रास झाला.

त्या गोंधळलेल्या नव्हत्या. माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात चौघडी केलेला एक कागद आहे, टिपणवहीचं फाडलेलं पान. त्यावर त्यांचा पत्ता आहे, माझ्या अक्षरात, घरच्या लिपीत, जी मी आईच्या शेवटच्या आजारपणानंतर कधी लिहिली नव्हती. त्या म्हणाल्या होत्या, "अहो, ऐकताय ना? आमचे हे पडलेत हो. मोरीच्या दारात पडलेत. डोळे उघडे आहेत पण बोलत नाहीत. वखारीचा रस्ता, शिंप्याच्या दुकानामागे, लोखंडी जिना आहे, तिसरा मजला, खाली निळं पिंप आहे. ऐकताय ना?" चार वेळा सांगितलं. चारही वेळा त्याच क्रमाने, जशी एखादी बाई पाहुण्याला घराची खूण सांगते. पाटीवर त्या रस्त्याचं नाव वेगळंच आहे. वखार जाऊन तीस वर्षं झाली, पण आमची माणसं अजून त्याला वखारीचा रस्ताच म्हणतात. दुसऱ्या शहरात बसलेल्या दुभाष्यालासुद्धा तो रस्ता कुठला ते समजायला आणखी एक मिनिट लागलं. मला विचारायची गरज नव्हती. त्या लोखंडी जिन्याच्या पुढच्या गल्लीत मी लहानाची मोठी झाले. मी पत्ता लिहून घेतला, पेन खाली ठेवलं, आणि सहा मिनिटं चाळीस सेकंद मूग गिळून बसले.

नियम माझ्या बाजूने आहे. ज्यांनी भाषेची परीक्षा दिलेली नाही त्यांनी फोनवर त्या भाषेत एक शब्दही बोलायचा नाही. आणि नियम वाईट नाही. असंच एकदा कुणीतरी अर्धवट येणाऱ्या भाषेत शहाणपण केलं होतं आणि गाडी नदीच्या भलत्याच काठाला गेली होती. पण मला अर्धवट येत नाही. आणि बोलायची तरी काय गरज होती? मी कचेरीच्या भाषेत गाडीवाल्याला पत्ता दिला असता, तर तुला कसा कळला म्हणून त्या क्षणी कुणीही विचारलं नसतं. हे मला तेव्हाही कळत होतं. हात उचलायचा, दुसरा फोन घ्यायचा, तीन वाक्यं. हात उचलला नाही. भीती वाटली असं म्हणणं खोटं नाही, पण पुरेसंही नाही. 'ऐकताय ना' हे दोन शब्द त्या ज्या तऱ्हेने म्हणत होत्या, शेवटचा 'ना' वर उचलून, तसं आई म्हणायची. बंद खिडक्यांपुढे उभी राहून. आणि ते ऐकलं की माझं वय बारा होतं.

बारा वर्षांची असताना मी आईचं तोंड होते. तीच तसं म्हणायची, चारचौघांत, कौतुकाने, "ही माझं तोंड आहे." तिला कचेरीची भाषा आली नाही. शिकायला कुणी वेळ दिला नाही, आणि मग मी होतेच. पाण्याच्या नळाचा अर्ज, रहिवासाचा दाखला, धाकट्याचा शाळेत प्रवेश, सगळ्या खिडक्यांपुढे आम्ही दोघी. खिडकीचा ओटा माझ्या हनुवटीला लागायचा. थंड दगडाचा तो स्पर्श अजून इथे आहे. खिडकीतला माणूस माझ्या डोक्यावरून आईकडे बघत बोलायचा आणि मग मला म्हणायचा, सांग तिला. त्या वयात कुणाला लागत नाहीत असे शब्द मला दोन्ही भाषांत येत होते. प्रतिज्ञापत्र. मुदतवाढ. गाठ. कधी खिडकीतला माणूस आईला काही लागट बोलायचा. ते मी सांगायची नाही. आई कधी चिडून त्याला काही बोलायची. तेही मी गिळायची. दोन्ही बाजूंना वाटायचं समोरचा बराच सभ्य आहे. मला माझ्या हुशारीचा अभिमान होता, खरंच होता.

मग बाबांना दवाखान्यात ठेवलं. गाठ हा शब्द तिथलाच. एका दुपारी डॉक्टरांनी आम्हाला दाराबाहेर बोलावलं. चष्मा काढून ते कोटाच्या टोकाने पुसत राहिले आणि त्यांनी मला सांगितलं, "आईला सांग, आता फार वेळ उरलेला नाही. आजचाच दिवस. तिने इथून हलू नये. कुणाला बोलवायचं असेल तर बोलावून घ्या." चांगला माणूस होता. आवाज मऊ होता. आई माझ्याकडे बघत होती. दोन दिवसांत तिने अंघोळ केली नव्हती, डोळ्यांखाली काळं झालेलं, पदराचं टोक बोटाला गुंडाळलेलं. वाक्य मला पूर्ण समजलं होतं. मला शब्द येत होते. मी म्हटलं, "म्हणाले, त्यांना झोपू दे. तू घरी जाऊन अंघोळ करून ये." आईचा चेहरा सैल झाला. तो सैल झालेला चेहरा बघायला मला इतकं बरं वाटलं. ती गेली. साडेचारला बाबांचा हात माझ्या हातात असताना जड झाला. पाचला आई परतली, हातात त्यांचा इस्त्री केलेला सदरा होता.

पुढची तेवीस वर्षं आईने त्या डॉक्टरला शिव्या दिल्या. "मेल्याने मला घरी पाठवलं. दोन तास आधी सांगायला काय झालं होतं त्याला?" भाजी निवडताना, केस विंचरताना, कुठूनही ती तिथे यायची. मी समोर असायची. सांगेन सांगेन म्हणत राहिले. आधी मी लहान होते, मग ती म्हातारी झाली, आणि मधलं योग्य वय कधी येऊन गेलं ते समजलंच नाही. आई गेली तेव्हा ती भाषा माझ्याशी बोलणारं कुणी राहिलं नाही, धाकटाही कचेरीच्याच भाषेत बोलायचा, आणि लाज वाटते सांगायला, मला सुटल्यासारखं वाटलं. दोन वर्षांनी आमच्या कक्षात ही बटणांची पट्टी आली. भिंतीवर चौदा भाषांत एक फलक लागला, आपल्या भाषेत बोलण्याचा आणि समजून घेण्याचा आपल्याला हक्क आहे. सातव्या ओळीत आमची लिपी. शेवटी ठळक अक्षरांत, लहान मुलांकडून भाषांतर करून घेतले जाणार नाही. ते वाक्य वाचून मी प्रसाधनगृहात जाऊन नळ सोडून रडले होते. आणि मग बाहेर येऊन कामाला लागले. परीक्षा द्यावी, त्या रकान्यात दुसरी ओळ लिहावी, असं त्या दिवशीही मनात आलं नाही. आलं असतं तर बाबांच्या खोलीचं दार उघडलं असतं.

तीनला दहा कमी असताना मी चौथ्या मजल्यावर गेले, फॉर्म तसाच हातात, बारावा प्रश्न आणि तो शाईचा ठिपका. खोली साधी होती. लांब टेबल, पाण्याचा जग, भिंतीवर तोच फलक, इथे काचेच्या चौकटीत. चौकशी अधिकारी मधोमध, बाजूला लिहून घेणारा कारकून, टोकाला मोठ्या बाई. आणि समोर त्या आजी. आवाजावरून मी त्यांना उंच, मोठ्या हाडाच्या समजले होते. त्या अगदी लहानखुऱ्या निघाल्या. खुर्चीच्या कडेवर बसलेल्या, पिशवी मांडीवर उभी धरलेली. शेजारी त्यांची नात उभी होती, दहा-अकरा वर्षांची, शाळेच्या गणवेशात, एक मोजा खाली घसरलेला. अधिकारी घड्याळ बघत म्हणाले, "दुभाष्याची वेळ मिळाली नाही. पुढची तारीख महिन्यानंतरची आहे. पण मुलगी आहे ना बरोबर, ती सांगेल. दोन ओळी आहेत आणि एक सही." मोठ्या बाईंनी टेबलाकडे पाहिलं. कारकुनाच्या डोक्यामागे काचेतली ठळक अक्षरं दिसत होती, चौदाच्या चौदा भाषांत.

अधिकाऱ्यांनी मसुदा सावकाश वाचला. माणूस म्हणून ते वाईट नव्हते. मुलीला समजावं म्हणून त्यांनी सोप्या शब्दांत पुन्हा सांगितलं, "आजीला सांग, इथे लिहिलंय की ती घाबरली होती, म्हणून तिला पत्ता नीट सांगता आला नाही, म्हणून गाडीला उशीर झाला. बरोबर आहे का विचार. बरोबर असेल तर सही." मुलगी आजीकडे वळली. गप्प राहिली. कारकुनाला वाटलं तिला शब्द सापडत नाहीत. तो धीर देण्यासाठी हसला. मला तिचा चेहरा दिसत होता. शब्द तिला येत होते, सगळे येत होते. ती त्यांतले मऊ निवडत होती. मग ती म्हणाली, "आजी, ते म्हणतात तुझी काही चूक नाही. इथे सही कर, मग आपण घरी जाऊ." आजींचा चेहरा सैल झाला. त्यांनी पिशवी खाली ठेवली, पदराला बोटं पुसली आणि पेन हातात घेतलं.

"आजी, सही करू नका."

हे मी बोलले. घरच्या भाषेत. सात वर्षांत पहिल्यांदा, आणि या इमारतीत तर कधीच नाही. आवाज माझा नव्हताच, आईसारखा थोडा घोगरा होता. मोठ्या बाईंनी डोळे मिटले. मुलगी माझ्याकडे बघत राहिली, पकडल्यासारखी. मी तिला म्हटलं, "तुझं काही चुकलं नाही गं बाळा. तू बस आता. हे तुझं काम नाही." ती बसली. मी पर्समधून कागद काढला, उलगडला आणि आजींपुढे ठेवला. "त्यात लिहिलंय की तुम्हाला पत्ता सांगता आला नाही. पण तुम्ही सांगितला होता. चार वेळा सांगितलात. फोन मी घेतला होता. मी लिहूनही घेतला होता, हा बघा."

आजींनी कागद डोळ्यांजवळ नेला. अक्षरांखालून बोट फिरवत, लहान मूल वाचतं तसं मोठ्याने वाचलं, "वखारीचा रस्ता. शिंप्याच्या दुकानामागे. लोखंडी जिना." पुढे वाचवेना. कागद छातीशी धरला. "म्हणजे मी बोलले होते," त्या म्हणाल्या. "नीट बोलले होते. मला वाटलं भीतीने माझ्या तोंडून भलतंच गेलं. दीड महिना मी हेच... सून म्हणते, तुम्ही इतकी वर्षं इथली भाषा शिकला नाहीत म्हणून झालं. मलाही तेच वाटायला लागलं." त्यांनी डोळे पुसले नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि पुढचा प्रश्न येतोय हे मला दिसत होतं, आधी डोळ्यांत, मग कपाळावर, मग ओठांवर. मी तो थांबवू शकले नसते, आणि थांबवायचाही नव्हता. त्या हळूच म्हणाल्या, रागावून नाही, खरंच जाणून घ्यायला, "तुला जर सगळं समजत होतं, तर माझा माणूस मरत असताना तू बोलली का नाहीस?"

"काय म्हणतायत त्या?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

मुलीने सवयीने तोंड उघडलं. तिच्या डोळ्यांत पुन्हा ती शोधाशोध सुरू झालेली मला दिसली. या वेळी ती माझ्यासाठी मऊ शब्द शोधत होती, बिचारी. मी तिच्या हातावर हात ठेवला. मग साहेबांकडे वळून मी कचेरीच्या भाषेत सांगितलं, "त्या मला विचारतायत, तुला जर सगळं समजत होतं, तर माझा माणूस मरत असताना तू बोलली का नाहीस?" एक शब्द गाळला नाही, एक बदलला नाही. कारकुनाने ते लिहून घेतलं. मी माझा फॉर्म पुढे ओढला, बाराव्या प्रश्नाच्या पहिल्या चौकोनात खूण केली आणि टेबलावरून सरकवून दिला. मग खोलीतले सगळे थांबले. उत्तर मला दोन्ही भाषांत द्यावं लागणार होतं. मी आधी आजींकडे वळले.